शालीखालचा हात

१

वडिलांच्या कबरीवर रचलेले दगड अजून नीट बसलेही नव्हते, आणि विहिरीपाशी लोखंडी खांब येऊन पडले.

मी पाणी आणायला गेले होते. खरं म्हणजे घरात बसवेना म्हणून कॅन उचलून निघाले होते. बर्बेराहून आलेला ट्रक उभा होता, दोन माणसं खांब खाली टाकत होती, आणि प्रत्येक आवाजासरशी शेळ्या दचकून मागे सरत होत्या. बायका आपापले कॅन घेऊन एका बाजूला थांबल्या होत्या. मला बघून त्यांनी नजर वळवली.

"हे काय आहे?" मी ट्रकवाल्याला विचारलं.

"कुंपण." त्याने मानेवरचा घाम पुसला. "हाजी बिहींचं आहे. हजच्या आधी जहाजावर चढवायच्या मेंढ्या इथे ठेवणार. विहीर आतल्या बाजूला येईल."

"कोणाला विचारून?"

"मला खांब टाकायला सांगितलंय, बाई. बाकी सगळं हिरसीला विचारा."

"हिरसी वारले. मी त्यांची मुलगी."

तो ओशाळला. "अल्लाह त्यांना जन्नत देवो. पण शब्द त्यांनीच दिलाय म्हणे. हातावर हात ठेवून."

कॅन रिकामाच घेऊन मी परत फिरले.

आमचं एल-हरेर गाव डोंगराच्या तापलेल्या बाजूला आहे, बुरओच्या जनावरबाजारातून बर्बेराच्या बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर. आयुष्यभर या वाटेने मेंढ्या खाली जाताना आणि पीठ, साखर, तांदूळ, प्लास्टिकच्या चपला वर येताना मी बघितल्यात. वडील म्हणायचे, "मेंढी स्वतःच्या पायांनी जहाजावर चढते आणि आपलं कामही तिच्यामागे चालत जातं. कातडं तिचं, हाडं तिची, चरबी तिची. आणि आपण समुद्रापलीकडून चपला विकत घेतो." विहिरीलगत त्यांना गावाचा कत्तलखाना आणि कातडी कमावायचा छोटा कारखाना उभा करायचा होता. चार भिंती झाल्या होत्या. छप्पर राहिलं होतं. बंदरावरचे मेंढ्यांचे व्यापारी हाजी बिही, त्यांना तीच जागा हवी होती, तेच पाणी हवं होतं. पंचांचं एकमत होईना, तेव्हा गेल्या वर्षी त्यांनी निर्णय वडिलांच्या हातात दिला. विहीर त्यांच्या आजोबांनी खणलेली. ते हो म्हणाले तर हो, नाही म्हणाले तर नाही. आणि ते जाईपर्यंत उत्तर मिळालं नाही, तर निर्णय परत पंचांकडे.

वडिलांनी हो म्हटलं असेल हे मला पटत नव्हतं. पण गेल्या काही आठवड्यांत मला न पटणाऱ्या पुष्कळ गोष्टी खऱ्या ठरल्या होत्या.

लहानपणी याच वाटेने मी त्यांच्याबरोबर विहिरीवर जायची. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी तरुणपणी पोहऱ्याच्या दोरात सापडून मोडली होती. ती वाकायची नाही. हाताची मूठ झाली तरी ती एकटी बाहेर उभी राहायची. मी हात धरायचीच नाही, ती करंगळी धरायची. दाराची कडी धरावी तशी.

घरी आले तर चुलतभाऊ शिरवा अंगणात बसला होता. खांब बघितल्याचं मी सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"खरं आहे ते, हिबाक," तो म्हणाला. "काकांनी हो म्हटलं. मी तिथेच होतो. माझ्याच छातीला टेकून बसले होते."

२

मी गेल्ले मामांना फोन केला.

मामा बुरओला पोलिसात होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गुडघे गेलेत, साखर वाढलीय, तरी चहात चार चमचे घालतात. दुसऱ्या दिवशी ते आले आणि दारातच बसकण मारली.

"मी तुमच्या कुळाचा नाही," ते पहिल्यांदा म्हणाले. "तुमच्या पंचांत मला तोंड उघडता येत नाही."

"मलाही येत नाही," मी म्हटलं.

"हं. म्हणजे दोन मुके मिळून भांडण करणार." त्यांनी गुडघे चोळले. "चहा टाक. आणि त्या दिवशीचं सांग. तुला वाटलं ते नको, दिसलं ते सांग."

मी सांगितलं. झटक्याने वडिलांचे पाय गेले आणि वाचा गेली. बुरओच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं. हात चालत होते, पण अंगात जोर नव्हता. त्यांना कळत सगळं होतं. त्या दिवशी उतरत्या दुपारी, असरच्या नमाजानंतर चौघे जण खोलीत होते. हाजी बिही, त्यांचा दलाल रोबले, पंचांमधले दुआले आजोबा आणि शिरवा. वडिलांना आधाराशिवाय बसता येत नसे, म्हणून शिरवा त्यांच्या पाठीमागे पाय पसरून बसला होता, लहान मुलाला घेऊन बसतात तसा. झळा वाहत होत्या तरी वडिलांना थंडी वाजत होती. दोघांच्या अंगावरून एकच मोठी शाल घेतलेली होती.

"मी चहाचं तबक घेऊन दारात गेले. रोबलेचा हात शालीखाली होता. तो पावसाबद्दल बोलत होता. मला वाटलं, आजारी माणसाचा हात धरून धीर देतोय."

मामा हसले, पण आवाज न करता. "दलाल धीर देत नाही, पोरी. तोंडाने पाऊस, बोटांनी सौदा. बाजारभर माणसं उभी असतात, कोणाला काही कळत नाही."

"मला आता कळतंय. तेव्हा नाही कळलं. आम्हा बायकांचा हात कोण धरतो शालीखाली?"

"पुढे?"

"दाराला सगळ्यात जवळ शिरवाच होता, वडिलांना धरून. मी तबक त्याच्यापुढे धरलं. त्याने हनुवटीने खूण केली, खाली ठेव म्हणून. मग हाजींनी उठून घेतलं. तेवढ्यात वडिलांच्या घशातून आवाज आला. दुआले आजोबा म्हणाले, 'अल्हम्दुलिल्लाह.' मला वाटलं, वाचा परत येतेय म्हणून म्हणाले."

मामांनी कप खाली ठेवला. "अजून काही?"

"पुढे दोन दिवसांत ते गेले. उजव्या मनगटावर काळंनिळं होतं. सुईचं असेल."

"दवाखान्याची सुई कोणत्या हाताला होती?"

मी मनात त्यांचे दोन्ही हात आठवून बघितले. सुई डाव्या हाताला होती.

३

हाजी बिही सांत्वनाला आले होते, ते गावातच थांबले होते. मामा त्यांच्याकडे गेले आणि मलाही घेऊन गेले. "तू तुझ्या बापाची कफनाची शाल परत द्यायला आलीस असं सांग," म्हणाले. शाल हाजींनी दिली होती, हे खरं होतं. वापरली गेली नव्हती, हेही खरं होतं.

हाजी सावलीत खाट टाकून बसले होते. दाढी मेंदीने लाल. चेहरा रात्रभर प्रवास केलेल्या माणसासारखा. तो नेहमीच तसा असतो.

"साहेब, पोलिसात नाही ना आता?" त्यांनी मामांना विचारलं.

"छे. आता मी फक्त गुडघ्यांचा मालक."

"मग विचारा."

"सौदा कसा झाला?"

"सगळ्यांचा होतो तसा. मी माझी बोली रोबलेच्या हातात सांगितली. रोबलेने हिरसीचा हात धरला, आणि माझ्याकडे बघून पापण्या मिटल्या. झालं." हाजी माझ्याकडे वळले. "बेटी, तुझ्या बापाने माझ्याशी उभा जन्म वाद घातला. मला ते वाद आवडायचे. बंदरावर माझ्याशी वाद घालणारं कोणी नाही. पण कारखान्याला छप्पर नाही, आणि माझं जहाज हजच्या आधी निघायला हवं. मला फसवायची गरज नाही. ही नाही तर पुढची विहीर."

"मग पुढच्या विहिरीवर का गेला नाहीत?" मी विचारलं.

"हिचं पाणी गोड आहे," ते साधेपणाने म्हणाले.

परत येताना मामा म्हणाले, "हा खोटं बोलत नाही. पण याने काही विचारलंही नाही. हवं ते उत्तर मिळालं की माणूस पुढचं विचारत नसतो."

शिरवा त्याच्या घराबाहेर शेळीला चारा घालत होता. फोन दगडावर ठेवलेला, पडदा वर करून. बोलता बोलता त्याची नजर त्यावर जायची. त्याचा थोरला मुलगा परदेशी जायला वाळवंट ओलांडून समुद्राकडे गेलाय. पावसाळ्याआधी एकदा फोन आला होता. नंतर नाही.

"धाकटा कुठेय?" मामांनी विचारलं.

"हाजींच्या ट्रकवर हमाली करतो. कुंपण झालं की इथेच कामाला राहील." शिरवाने चाऱ्याची पेंढी सोडली. "मामा, तुम्ही मला काय विचारायला आलात ते मला माहीत आहे. काकांना मी उचललं, धुतलं, भरवलं. हिबाक शहरातून, हर्गेसाहून येईपर्यंत कोण होतं?"

"तू होतास," मामा म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. तू चांगला मुलगा आहेस, हेच सांगायला आलो."

शिरवाचा चेहरा असा पडला की कोणी शिवी दिली असती तरी तेवढा पडला नसता.

४

रोबलेला गावात लांबबोट्या म्हणतात. आमच्याकडे प्रत्येकाला असं नाव चिकटतंच. माझ्या वडिलांना 'छप्पर' म्हणायचे.

तो तरुण आहे, बर्बेराचा आहे, आणि वडिलांशी त्याने आधी कधी व्यवहार केला नव्हता. मामांनी त्याला घरी चहाला बोलावलं. मी पडद्याआड चहा ओतत होते.

"काय लांबबोट्या, त्या दिवशी किती मिळाले?"

"दलालाला जे मिळतं ते. साहेब, माझा हात म्हणजे माझं दुकान. एकदा खोटं बोललो की दुकान बंद."

"मी कुठे म्हणतो तू खोटं बोललास? मी म्हणतो तुला कळलं नाही."

"काय कळलं नाही?"

"पोरा, मरायला टेकलेला माणूस. बोटं आपोआप थरथरतात. तू नवा आहेस. थरथरीला होकार समजलास. होतं असं. पहिल्या पहिल्यांदा बकरीचा सौदा करताना उंट विकतात लोक."

"साहेब, तोंड सांभाळा."

"बंदरावरची पोरं तुम्ही. फोनवर सौदे करता. हाताचं काय कळतंय तुम्हाला?"

"थरथर?" रोबलेचा आवाज चढला. "पाचच्या पाच बोटं मिटली माझ्या हातावर! दार मिटावं तशी, घट्ट. गरम हात होता. असा होकार मला बाजारात धडधाकट माणसाने दिलेला नाही!"

आणि तो गप्प झाला. शालीखाली काय झालं ते दलाल बोलत नाही. विचारणारा निर्लज्ज, सांगणारा त्याहून. दोन्ही झालं होतं.

चहा कपाबाहेर ओघळून माझ्या पायावर आला तेव्हा मला चटका बसला.

रोबले गेल्यावर मामा पडद्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंस?"

"पाच बोटं," मी म्हटलं.

"हं."

"मामा, त्यांची चारच मिटायची."

५

त्या संध्याकाळी मामांनी जेवण बाजूला सारलं. लहोहच्या पोळ्या तशाच गार झाल्या.

"पण हे पुरेसं नाही," ते म्हणाले. "लोक म्हणतील, रोबलेला मोजता आलं नाही. हिरसीचा नकारच होता, हे कशावरून? माणूस दमतो, शेवटी देऊन टाकतो. मीही टाकलं असतं."

मी ताट झाकून ठेवलं. मग जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

शेवटच्या दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते. त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, आता जवळ घेतील. आमच्यात बाप लेकीला 'आबो' म्हणतो, आणि लेकही बापाला 'आबो'च म्हणते. तो शब्द ओठांनी तरी करतील असं वाटलं. पण त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटवली, मूठ केली, आणि ती मूठ ढकलून दिली. मी परत हात दिला. त्यांनी परत तेच केलं. माझ्याकडे रोखून बघत. तिसऱ्यांदा मी हात दिलाच नाही. उठून बाहेर गेले. इतक्या उशिरा हर्गेसाहून आले म्हणून ते रागावलेत, असं मी समजले. ते गेल्यावरही मला तेवढंच आठवत होतं, की त्यांनी माझा हात ढकलला.

मामांनी दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकला. बाहेर कोणीतरी उंट हाकलत होतं.

"तुझ्या बापाकडे एक पांढरी उंटीण होती," ते शेवटी म्हणाले. "तुला आठवणार नाही. मी मेहुणा, मला वाटलं देईल. दर हंगामात शालीखाली हात घालायचो. हिरसीने तोंडाने कोणाला 'नाही' म्हटलेलं ऐकलंयस कधी? तो माझी बोटं मिटवायचा, मूठ करायचा, आणि मूठ शालीबाहेर ढकलायचा. वर तोंडाने विचारायचा, मुलंबाळं कशी आहेत. सगळ्या बाजाराला माहीत होता हिरसीचा नकार."

मी माझ्याच मुठीकडे बघितलं.

"तो रागावला नव्हता, पोरी. तो तुला सांगत होता. दोनदा सांगितलं."

मी विचारलं, "मग रोबलेच्या हातात हात कोणाचा होता?"

मामांनी खाटेवरची उशी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "हा हिरसी. तू शिरवा. मागून धर." त्यांनी आमच्यावर शाल टाकली. "आता याला पडू न देता चहाचं तबक घे."

मी एका हाताने उशी छातीशी धरली आणि दुसरा हात शालीतून काढून सहज पुढे केला.

"सोपं आहे ना?" मामा म्हणाले. "मग शिरवाने हनुवटीने खूण का केली? त्याचे दोन्ही हात कुठे होते?"

मी शालीखाली बघितलं. डाव्या हाताने उशीची उजवी बाजू दाबून धरली, मनगट असतं तिथे. मग उजवा हात उशीच्या बगलेखालून पुढे आला, अगदी जिथे वडिलांचा यायला हवा तिथे.

वडिलांच्या घशातून तो आवाज आला होता, तो बाकीच्यांनी होकार मानला होता, आणि मी परत येणारी वाचा.

६

पंच बाभळीखाली बसले. बायका थोड्या मागे, कारखान्याच्या भिंतीच्या सावलीत. खांब तसेच पडून होते. हाजी बिही उपऱ्या पाहुण्याच्या जागी बसले होते, मामा त्यांच्या शेजारी.

दुआले आजोबांनी सुरुवात केली. "शब्द दिला गेलाय. मी साक्षीला होतो. मेलेल्याचा शब्द मोडणं हे..."

"आजोबा," मामा म्हणाले, "मी या कुळाचा नाही. मला बोलायची परवानगी नाही. पण म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न तरी विचारू द्या. हिरसीच्या उजव्या हाताची किती बोटं मिटायची?"

दोघे-तिघे हसले. "चार. करंगळी नेहमी पहाऱ्यावर."

"तिच्यावर त्याने एकदा माझी टोपी अडकवली होती," कोणीतरी म्हणालं. परत हसू झालं. मग हळूहळू ते विरलं, कारण मामा हसत नव्हते.

"रोबले," मामा म्हणाले. "शालीखालचं शालीखाली राहावं, ही रीत मला माहीत आहे. तुझ्याकडून ती मी मोडून घेतली, त्याचं पाप माझं. आता एवढंच सांग. किती?"

रोबलेने हाजींकडे बघितलं. हाजींनी मान हलवली, सांग म्हणून.

"पाच," रोबले म्हणाला.

हसलेल्यांपैकी एकाने आपला हात पुढे धरून बोटं मिटवून बघितली. 

मग मामांनी सगळं सांगितलं. एकच शाल, मागे बसलेला माणूस, न घेतलेलं तबक, उजव्या मनगटावरचा डाग. मृतदेहाला आंघोळ घालणाऱ्यांपैकी एकाने हात वर केला. "डाग मी बघितलेत. बोटांचे होते. मला वाटलं, उचलताना कोणी धरलं असेल." माझी मिटवलेली मूठही मामांनी सांगितली. दुआले आजोबांनी मागे वळून बायकांमध्ये मला शोधलं. "खरं का गं, पोरी?" मी उभी राहिले आणि माझ्या डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटवली आणि मूठ पुढे ढकलली. म्हाताऱ्यांच्या तोंडून एकदम श्वास निघाला. तो नकार त्यांच्यापैकी कित्येकांनी घेतलेला होता.

"मी त्याचा हात बघितलाच नाही," दुआले आजोबा म्हणाले. "शाल होती. शालीखाली बघायचं नसतं."

"कोणीच बघितलं नाही," मामा म्हणाले. "आपण सभ्य माणसं."

सगळे शिरवाकडे बघत होते. तो नाही म्हणू शकला असता. हाताची साक्ष हाताखेरीज कोण देणार? मामांनी खांद्यावरची शाल काढून रोबलेच्या हातावर टाकली.

शिरवा उठला. त्याने फोन खिशातून काढून जमिनीवर ठेवला, रोबलेसमोर बसला आणि उजवा हात शालीखाली घातला. तो बोटं सैल सोडू शकला असता. दोनच मिटवू शकला असता. रोबलेने, सवयीने असेल, तोंडाने म्हटलं, "यंदा डोंगरात पाऊस बरा आहे म्हणतात." आणि मग भाजल्यासारखा हात मागे घेतला.

"दार मिटावं तसा," तो हळू म्हणाला.

"थोरला गेला," शिरवा जमिनीकडे बघत बोलू लागला. "काकांनी त्याला सांगितलं होतं, थांब, कारखान्याला छप्पर येईल. तो थांबला. मग आणखी थांबला. मग गेला. धाकटा विचारत होता, मी कशासाठी थांबू? बंदर आज आहे. मला आजचं काहीतरी हवं होतं." त्याने मान वर केली. "काकांना दुखलं असेल, मनगट. मी त्यांच्या कानात सांगत होतो, माफ करा, माफ करा."

त्यानंतर खरी भांडणं सुरू झाली. निम्म्यांना शिरवाचं पटत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. कोणी म्हणालं कुंपण राहू दे, कोणी म्हणालं कारखाना नुसतं तोंडाने होत नाही. सूर्य डोंगराला टेकेपर्यंत चाललं. हाजी बिही एकदाच बोलले. "मला जो होकार मिळाला तो माझा नाही. तो मी ठेवत नाही." शेवटी ठरलं की विहीर गावाची. येणाऱ्या-जाणाऱ्या मेंढ्यांना पाणी आजवर मिळालं तसंच मिळेल. कुंपण नाही. छपराबद्दल पुढच्या बैठकीत बोलू.

पुढच्या बैठकीत बोलू, हे वडिलांनी किती वेळा ऐकलं असेल.

७

ट्रक खांब घेऊन परत गेला. मामा त्याच ट्रकने बुरओच्या फाट्यापर्यंत गेले. चढताना गुडघ्यांना शिव्या दिल्या आणि मला म्हणाले, "तुझी आई असती तर तिने मला एका कप चहात हे सोडवून दाखवलं असतं." मग काच वर केली.

मी विहिरीवर गेले. कारखान्याच्या भिंतींच्या आत बायकांनी शेळ्या बांधल्या होत्या. निदान सावली होती.

शिरवा पाणी ओढत होता. पंचांनी त्याला जी शिक्षा द्यायची ती दिली होती. गाव त्याच्याशी बोलत होतं, पण आधी खाकरून. तो माझ्यासाठी बाजूला झाला नाही आणि गेलाही नाही. त्याने माझा कॅन घेतला आणि भरायला लावला.

"फोन आला?" मी विचारलं.

"नाही."

त्याने पोहरा परत आत सोडला.

"हिबाक," तो म्हणाला, "ते शेवटी माझ्याकडे बघत नव्हते. मी भरवायचो, ते भिंतीकडे बघायचे. तुझ्याकडे तरी बघितलं."

मला त्याला पुष्कळ काही म्हणायचं होतं. गेले कित्येक दिवस मी ते मनात जुळवत होते. आता ते उचलून बोलायचंही बळ माझ्यात नव्हतं.

त्याने ओला हात पँटला पुसला आणि पुढे केला. मागण्यासारखा नाही. नुसता, असाच. मी ओढणीचं टोक हातावर गुंडाळलं, बाईने पुरुषाचा हात धरायच्या रीतीप्रमाणे, आणि त्याचा हात धरला. कापडाखाली त्याची बोटं वाट बघत होती. मी ती वडिलांसारखी मिटवून ढकलू शकले असते. मिटवली नाहीत. होकारही दिला नाही.

त्याची करंगळी माझ्या हातावर बाकीच्या बोटांबरोबर नीट वळून मिटली.

कॅन भरून वाहायला लागला. मी हात सोडवला आणि कॅन उचलला.